चाहत्यांचे संकेतस्थळ: रंग किती, कुठे?

प्रश्न: व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांवर संकेतस्थळ करतो आहे. ‘नवरंग’सारखी रंगांची उधळण चालेल का?

उत्तर: ‘नवरंग’मधली (१९५९) उधळण पडद्यावर शोभते, मजकुरामागे तीच डोळ्यांना शिणवते. म्हणून पार्श्वभूमी शांत ठेवा. एखाद्या दृश्यातला एकच ठळक रंग उचला आणि तो फक्त शीर्षकांना, बटणांना द्या. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) कृष्णधवल आहे. त्याच्या छायाचित्रांभोवती करडा रंग ठेवला, तर छायाप्रकाशाच्या छटा खुलतील. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा. लिंक रंगाबरोबरच अधोरेखितही करा, म्हणजे रंगांधत्व असलेल्या रसिकांनाही ती ओळखता येईल. प्रत्येक चाहत्याला सहज वाचता यावे, हीच खरी कसोटी.