जुने इंग्रजी डबल बेस व त्यांची दुरुस्ती

विद्यार्थिमित्रहो, व्हायोलिन हे वाद्य तुमच्या परिचयाचे आहेच. त्याच्याच सोबतीने वाजणारे सर्वांत थोर तंतुवाद्य म्हणजे डबल बेस होय. त्याची उंची सुमारे सहा फूट असते; ते उभे राहून अथवा उंच बैठकीवर बसून वाजवावे लागते. त्याचा खर्जातील स्वर वाद्यवृंदात वेगळा असा क्वचितच ओळखू येतो; परंतु तो थांबला की पाया खचलेल्या घराप्रमाणे सारे संगीत पोकळ भासते.

१७९४ साली व्हेनिस येथील डोमेनिको ड्रॅगोनेट्टी हा वादक लंडनास आला व १८४६ साली तेथेच मरण पावला. त्याच्या वादनाने या वाद्यास इंग्लंडात मोठी प्रतिष्ठा लाभली. त्याच काळात लंडनमध्ये टॉमस डॉड याच्यापाशी बर्नार्ड फेंट व जॉन फ्रेडरिक लॉट हे कुशल कारागीर काम करीत. पुढे मँचेस्टर येथील विल्यम टार याने पुष्कळ डबल बेस तयार केले. नवल हे की, फेंट इन्सब्रुकचा आणि लॉट जर्मनीचा. इंग्रजी म्हणून नावाजलेल्या या कलेत परक्या हातांचा वाटा मोठा आहे.

अशी वाद्ये संग्राहक आजही आवडीने शोधतात. आत चिकटविलेल्या नावाच्या चिठ्ठीवर मात्र जाणता मनुष्य विसंबत नाही; कारण चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतो. लाकूड, कोरीव काम व व्हार्निश हेच खरे साक्षीदार. स्प्रूस लाकडाच्या पुढील फळीवरील वर्षवलये मोजून, कोणत्या सालापूर्वी ते वाद्य झालेले नसावे, हेही आता सांगता येते.

त्या काळी इंग्लंडात तीन तारांचे डबल बेस रूढ होते. पुढे चार तारांची गरज पडली. येथे दुरुस्ती करणाऱ्यास पेच पडतो. जुने रूप राखावे, तर वाद्य मुके राहण्याचा संभव. बदलावे, तर इतिहासाचा एक पुरावा जातो. चांगला कारागीर वरचे मूळ नक्षीचे शिर राखून त्यास नवी मान जोडतो, जुनी भोके बुजवितो, आणि काय बदलले ते लिहून ठेवतो. मूळ व्हार्निश तो खरवडून काढीत नाही.

सांधे जोडण्यास तो जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरसच वापरतो. याचे मर्म आम्हांस फार उशिरा कळले. आमच्या वडिलांच्या व्हायोलिनचा सांधा एकदा सुटला. आम्ही मोठ्या उत्साहाने बाजारातील अतिशय पक्का गोंद लावला. पुढील उन्हाळ्यात लाकूड आकसले; सांधा हलला नाही, पण फळीच उभी चिरली. सरस असता, तर सांधा सुटला असता व फळी वाचली असती. आणि ऊन पाण्याने सरस मऊ करून ते वाद्य पुन्हा उघडताही आले असते. ती चीर आजही आमच्या डोळ्यांसमोर आहे.

मुलांनो, आपण जे दुरुस्त करतो, ते आपल्यामागून दुसऱ्या कोणास तरी पुन्हा दुरुस्त करावे लागणार आहे. त्याची वाट बंद होणार नाही, अशा रीतीने जो काम करतो, तोच खरा कारागीर होय.