परतीचं तिकीट

भुवनेश्वरच्या हॉटेलात पहिल्या रात्री अकराच्या सुमारास आमची मुलगी दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घरकु जिबि." तीन वर्षं दोन महिन्यांची होती. आम्हाला ओडिया येत नव्हतं, पण 'घर' कळायला काय लागतं? न्यू जर्सीतल्या आमच्या घराचे फोटो दत्तक संस्थेत आधीच पाठवले होते. ते पाहून हिला आमच्या घरी यायची घाई झालीय, अशी आम्ही समजूत करून घेतली. सकाळी चहा घेऊन आलेल्या मुलाला विचारलं. त्याने अर्थ सांगितला, 'मी घरी जाणार.' म्हणजे काल जिथून निघाली, तिथे. ती रात्रभर परत सोडा म्हणत होती आणि आम्ही तिचे पापे घेत होतो.

परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेणारी आमच्यासारखी जोडपी 'आणायला' म्हणून निघतात. सोळा दिवसांची रजा, परतीचं तिकीट पक्कं, बॅगेत नव्या फ्रॉकांची चळत. आम्ही 2023 च्या जानेवारीत असेच निघालो.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला एजन्सी दहा वेळा सांगणारच आहे. भारत आणि अमेरिका दोन्ही देश दत्तकाच्या 1993 च्या हेग कराराला बांधलेले, त्यामुळे सगळं 'कारा' या भारताच्या केंद्रीय दत्तक यंत्रणेमार्फत. आधी होम स्टडी, अमेरिकेच्या आय-800ए आणि आय-800 या अर्जांच्या मंजुऱ्या, काराचं ना हरकत प्रमाणपत्र, मग दत्तकाचा आदेश. सप्टेंबर 2022 पासून तो कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर हेग कराराच्या कलम 23 चं प्रमाणपत्र, मुलाचा भारतीय पासपोर्ट आणि शेवटी नवी दिल्लीतल्या अमेरिकेच्या वकिलातीतून व्हिसा. अमेरिकेच्या बाजूचे हे अर्ज नागरिकालाच करता येतात. दोघंही ग्रीन कार्डवर असाल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही, हे आधीच ओळखा.

आमचं घोडं अडलं ते नावात. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव लावायची रीत. आदेशात ते मधलं नाव होतं, जन्मदाखल्यात नव्हतं, आणि पासपोर्ट दाखल्याप्रमाणे निघाला. दिल्लीत व्हिसाच्या खिडकीपाशी ही तफावत उघडी पडली आणि दुरुस्तीसाठी कागद पुन्हा ओडिशाला गेले. दोष कुणाला देणार? आदेशाचा मसुदा आम्हाला मेलवर आला होता. आम्ही आमच्या आडनावाशेजारी तिचं नाव पाहिलं, डोळे पुसले आणि 'ओके' लिहून पाठवलं. मसुदा आला की रडून घ्या, हरकत नाही. मग चष्मा लावून प्रत्येक कागदावरचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग अक्षर अन् अक्षर जुळवा, आणि नात्यात नसलेल्या कुणाकडून तरी पुन्हा तपासून घ्या.

दोन वर्षांवरच्या मुलांची व्हिसासाठी क्षयाची रक्ततपासणी होते. तिचा निकाल यायलाही दिवस लागतात, आणि त्यात काही निघालं तर छातीचा एक्स-रे, आणि त्यातही संशय आला तर थुंकीच्या तपासणीत आठवडेच्या आठवडे जातात. आमच्या सोळा दिवसांत या कशालाच जागा नव्हती. तिकीट बदलता येईल असंच काढा. पैसे जास्त पडतात, आमचे त्याहून जास्त गेले.

नवरा ठरल्या तारखेला परत गेला. मी पोरीला घेऊन दिल्लीत पाच आठवडे अडकले. अमेरिकेत 1993 च्या कायद्याने दत्तकासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, बिनपगारी, तीही सगळ्यांना नाही. मी ती प्रवासाच्या दिवसापासूनच लावली होती. घरी पोचल्यावर हातात पाच आठवडेही उरले नाहीत, आणि मुलीला माझी खरी गरज होती ती तिथे, त्या अनोळखी बर्फात. शक्य असेल तर प्रवासाला साठवलेली सुट्टी वापरा, ही रजा घरासाठी राखून ठेवा. दोघांनी एकाच वेळी तर मुळीच संपवू नका.

दिल्लीतल्या भाड्याच्या खोलीत ती जेवेना. ब्रेड, पास्ता, सफरचंदाच्या फोडी, सगळं तसंच. शेवटी सासूबाई डोंबिवलीहून आल्या. त्यांनी मला बाजूला केलं, वरणाचा कुकर लावला आणि ताट तिच्यापुढे ठेवत म्हणाल्या, "भात." तिने मान वर केली. "भात," ती म्हणाली. मग त्यांनी पेला दाखवला, "पाणी." तीही म्हणाली, "पाणि." ओडियातही हे दोन्ही शब्द हेच आहेत, हे तीन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिच्याशी इंग्रजी बोलत होते, पुढे उपयोगी पडेल म्हणून! संस्थेत रोज भात आणि डालमा असायचा, तेही मी विचारलं नव्हतं.

आणखी एक. संस्थेतून निघताना तिच्या अंगावर विटका पिवळा फ्रॉक होता, एका खांद्याची शिवण उसवलेली. हॉटेलात मी तो काढला आणि लाँड्रीच्या पिशवीत टाकला. त्या रात्री ती फ्रॉकसाठीही रडत होती, हे मला पुढे समजलं. पिशवी परत आली तेव्हा त्याला साबणाचा वास होता, तिने तो हातात घेतला नाही. जुने कपडे धुऊ नका, टाकू तर मुळीच नका. उशाशी राहू द्या.

आता ती सहा वर्षांची आहे. एअरपोर्टवर उतरली त्या दिवशीच कायद्याने अमेरिकन नागरिक झाली. ओडिया तिला येत नाही. त्यातले भात आणि पाणी एवढे दोनच शब्द राहिले, तेही आमच्या घरात बोलले जातात म्हणून. संस्थेत तिला झोपवणाऱ्या माउसी आम्ही निघताना तिच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मी तेव्हा घड्याळ बघत होते. परवा तिने विचारलं, त्या काय म्हणाल्या? तुम्ही जाल तेव्हा संस्थेची परवानगी घ्या आणि तो आवाज फोनवर टिपून ठेवा.