पलटण आणि पेलोटन

सायकल-शर्यतींच्या वृत्तांतात ‘पेलोटन’ हा शब्द वारंवार भेटतो. शर्यतीत एकत्र चालणाऱ्या सायकलपटूंचा मुख्य समूह, असा त्याचा अर्थ. मूळ शब्द फ्रेंच. ‘पलोत’ म्हणजे चेंडू किंवा लोकरीचा गुंडा; त्यावरून ‘पलोताँ’ म्हणजे लहान गुंडा, आणि पुढे सैनिकांची तुकडी. इंग्रजीतील ‘प्लॅटून’ याच शब्दापासून झाला. आता आपली ‘पलटण’ पाहा. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ती ‘बटॅलियन’चा अपभ्रंश म्हणून दिली आहे, परंतु ‘प्लॅटून’चीही त्यात सरमिसळ असावी, अशी पुस्ती जोडली आहे. ही पुस्ती खरी मानली, तर फ्रान्समधले पेलोटन आणि आमच्या आजीच्या तोंडची ‘पोरांची पलटण’ ही एकाच भावकीतली ठरतात!

मग मराठीत याला घोळका म्हणावे काय? मला ते पटत नाही. घोळक्याला शिस्त नसते, आणि पेलोटनचे सारे मर्म शिस्तीत आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकामागे राहिले की तो भार हलका होतो. २०१८ साली बर्ट ब्लॉकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलपटूंच्या समूहाचा अभ्यास केला. समूहाच्या आत, मागच्या बाजूस असणाऱ्याला होणारा हवेचा विरोध एकट्याने जाणाऱ्याच्या अवघा ५ ते १० टक्के असतो, असे त्यांना आढळले. म्हणून आघाडीचे सायकलपटू आळीपाळीने वारा अंगावर घेतात. आम्ही गावचे तिघे नऊ किलोमीटरवरून कॉलेजला येतो. आषाढात वारा समोरून असतो. पुढचा दमला की नुसता बाजूला सरतो आणि मागचा पुढे होतो. हे आम्हांला कोणी शिकवलेले नाही.

परंतु पेलोटनमध्ये सर्वांचीच पाळी सारखी नसते. १९०३ साली सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत आज संघातील काहींचे कामच असे, की नायकापुढे वारा झेलावा, त्याला पाणी आणून द्यावे. त्यांना ‘दोमेस्तिक’ म्हणतात. म्हणजे सरळ घरगडी. विजेत्याची पिवळी जर्सी मात्र एकाच्याच अंगावर चढते.

या शब्दापाशी मी अडखळलो. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. थोरला भाऊ दहावीनंतर थांबला. माझी फी त्याच्या मजुरीतून भरली जाते. प्रवेशअर्जावर त्याचे नाव कोठेच नाही. ‘पालक’ या रकान्यात वडिलांचा अंगठा आहे.