जाताना सरळ, ट्रॅकवर फाकलेलं

(धुळ्याजवळ आग्रा रोडला लागून असलेलं आप्पांचं अलाइनमेंटचं गॅरेज. मयूर जळगावहून आपली पोलो घेऊन आलाय. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जायचंय.)

मयूर: आप्पा, मशीनवर सगळे आकडे हिरवे आले. झालं ना काम?

आप्पा: जळगाव-धुळे करायला झालं, भो. कंपनी ते आकडे टायर जास्त टिकावं आणि घाबरून स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी मागून फिरू नये, या बेतानं ठरवते. तुला ट्रॅकवर नेमकं वेगळं हवंय.

मयूर: वेगळं म्हणजे?

आप्पा: वळणात गाडी बाहेरच्या अंगाला कलते. समज, 3 अंश कलली. चाक बॉडीलाच बांधलेलं, तेही तिच्यासोबत बाहेर झुकतं. तुझ्या गाडीला पुढं मॅकफर्सन स्ट्रट. तो दबला की चाकाचा माथा थोडा आत खेचला जातो, पण 3 अंशांतला एखादा अंश भरून निघाला तरी खूप. उरलेल्या झुकावात टायर बाहेरच्या काठावर उभं राहतं. सगळा भार त्या काठावर. तो तापतो, सोलपटतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ पळते.

मयूर: म्हणून चाक आधीच आत झुकवून ठेवायचं.

आप्पा: हाव ना! तोच निगेटिव्ह कॅम्बर. रस्त्यावर अर्धा अंश असतो, ट्रॅकला 2 पासून सुरुवात कर. साध्या टायरवर 3 च्या पुढं जायची घाई नको, कारण ब्रेक मारताना गाडी सरळ असते. तेव्हा झुकलेलं चाक अर्ध्याच रबरावर थांबतं.

मयूर: पण कॅम्बरला ॲडजस्टमेंटच नाही म्हणतात.

आप्पा: कंपनीनं जागा ठेवलेली नाही. स्ट्रटच्या वरच्या माउंटच्या जागी खाचांची कॅम्बर प्लेट बसवायची, मग माथा आतबाहेर सरकवता येतो. काही प्लेटमध्ये माथा मागंही सरकतो, म्हणजे कॅस्टर वाढतो. मला विचारशील तर कॅस्टर जास्त आवडतो. स्टेअरिंग वळवलं की बाहेरचं चाक आपोआप आत झुकतं, आणि सरळ रस्त्यावर त्याचा त्रास नाही. स्टेअरिंग मात्र जड होतं.

मयूर: आणि टो?

आप्पा: खरी गोम तिथं आहे. वरून बघितलं तर दोन्ही चाकांची तोंडं आत वळलेली असली की टो-इन, बाहेर फाकलेली असली की टो-आउट. ट्रॅकवर पुढं थोडं टो-आउट दिलं की गाडी वळणात पटकन शिरते. म्हणून पोरं इथूनच 3 मिलिमीटर टो-आउट करून निघतात. जरा हिशेब कर. 3 मिलिमीटर म्हणजे एका चाकाला दीड. रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठात अंतर 400 मिलिमीटर धर.

मयूर: दीड भागिले 400… दर किलोमीटरला पावणेचार मीटर?

आप्पा: तितकं टायर आडवं घासतं. हजार किलोमीटरला पावणेचार किलोमीटर! आणि कोइम्बतूर त्याहून लांब. वर हायवेवर ट्रकच्या वाऱ्यानं गाडी भटकते ते वेगळंच. परदेशातली पोरं ट्रॅकसाठी टायरचा वेगळा सेट नेतात, आपण ज्यावर जातो त्यावरच पळवतो. नुसता कॅम्बर टायर सावकाश खातो, टो भराभर. म्हणून कॅम्बर इथून लावून ने आणि टो शून्यावर ठेव. ट्रॅकवर पोचल्यावर फाकव.

मयूर: तिथं मशीन कुठं मिळणार?

आप्पा: मशीन कशाला? गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर दोरी ताण. दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्याला समांतर हव्यात. इथंच चुकतं, कारण पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं. टायरला धरून दोरी लावलीस तर फसलास, हबपासून मोज. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठापासून दोरीचं अंतर मोजायचं, फरक म्हणजे टो. टायरॉडचं चेकनट ढिलं करून दोन्हीकडं सारखेच आटे फिरव, नाहीतर स्टेअरिंग वाकडं बसेल. घरी निघायच्या आधी परत शून्य.

मयूर: कॅम्बर बरोबर बसला हे कळेल कसं?

आप्पा: टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मार. चार फेऱ्यांनी रेघ पार खाली पुसली तर कॅम्बर कमी. त्याहून पक्कं म्हणजे सुईचा थर्मामीटर. पिटमध्ये आल्याआल्या आत, मध्ये आणि बाहेर रबराचं तापमान घे. आतली बाजू थोडी गरम चालते, बाहेरची जास्त तापली तर अजून झुकव. मधलीच तापली तर हवा जास्त.

मयूर: मग प्लेट बसवून आधी टो लावू?

आप्पा: उलटं करू नको! कॅम्बर हलला की टो हलतोच. आधी कॅस्टर, मग कॅम्बर, शेवटी टो. आणि ड्रायव्हर सीटवर तुझ्या वजनाचं काहीतरी ठेव. माझ्याकडं दादर ज्वारीचं पोतं असतं. टाकी अर्धी, चारही चाकांत हवा बरोबर.

मयूर: म्हणजे आज संध्याकाळपर्यंत होईल?

आप्पा: (पहार लावून लोअर आर्म हलवत) हे बघ, उजवीकडचा बुश फाटलाय. ब्रेक मारला की चाक मागं जाणार आणि टो वाट्टेल तसा बदलणार. यावर आकडे लावणं म्हणजे तुझे पैसे घेणं. आधी दोन्ही बाजूंचे बुश आण, मग बोलू.