अंधारातील हाक

दिवस मावळला की जुन्या वाड्यांच्या आढ्यांतून आणि देवळांच्या शिखरांतून पाकोळ्या बाहेर पडतात. पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळ. दिवसभर ती उलटी लटकून झोपते आणि रात्री किडे टिपीत हिंडते. काळोख कितीही दाट असो, ती सहसा कशावर आदळत नाही. हे तिला कसे साधते बरे?

हाच प्रश्न इटलीतील स्पालान्झानी या शास्त्रज्ञाला पडला. अगदी काळोख्या खोलीत घुबड भिंतींवर आपटते, पाकोळ्या मात्र सुखरूप फिरतात, हे त्याने १७९३ साली पाहिले. पुढे त्याने काही पाकोळ्यांचे डोळे निकामी केले. प्रयोग निर्दय होता. पण आंधळ्या पाकोळ्याही पूर्वीप्रमाणेच उडाल्या. जिनीव्हाच्या झ्यूरीन याने त्यांचे कान बंद केले, तेव्हा मात्र त्या जागोजाग धडकू लागल्या. म्हणजे पाकोळी कानांनी वाट काढते! पण ती ऐकते काय? खोलीत तर कसलाच आवाज नव्हता. तेव्हा पंखांच्या स्पर्शज्ञानानेच ती उडत असावी, असे अनेक विद्वानांनी ठरवून टाकले. कोडे सुमारे दीडशे वर्षे तसेच राहिले.

१९३८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी पाकोळ्यांचा पिंजरा घेऊन पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पिअर्स यांच्याकडे गेला. माणसाला ऐकू न येणारे ध्वनी टिपणारे यंत्र त्यांनी तयार केले होते. पिंजरा त्या यंत्रासमोर धरताच मुक्या भासणाऱ्या पाकोळ्यांचा कलकलाट ऐकू येऊ लागला! खोली शांत कधीच नव्हती. माणसाचे कान अपुरे होते.

सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी आपण ऐकू शकतो. पाकोळीची हाक बहुधा त्याहून उंच असते. डोंगरकड्यासमोर दिलेली हाक जशी परत येते, तशी पाकोळीची हाक भिंतीवर, पानावर, किड्यावर आदळून तिच्या कानी परतते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. किडा १.७ मीटर दूर असेल, तर प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येतो. एवढ्या अल्प काळावरून पाकोळी अंतर ओळखते!

भक्ष्य शोधताना पुष्कळ पाकोळ्या सेकंदाला सुमारे १० हाका देतात. किडा जवळ आला की हाका जलद होतात. झडप घालताना काहींच्या हाका सेकंदाला दीडशेहूनही अधिक होतात. किडेही गाफील नसतात. काही पतंगांना या हाका ऐकू येतात. त्या ऐकताच ते एकदम खाली सूर मारतात.

पाकोळ्या एकमेकींशीही आवाजाने बोलतात. काही जातींत आई हजारोंच्या गर्दीतून आपले पिलू त्याच्या हाकेवरून व वासावरून शोधून काढते. वडापिंपळांवर लटकणारी मोठी, फळे खाणारी वटवाघळे मात्र मुख्यतः डोळ्यांच्या व नाकाच्या आधारे अन्न शोधतात.

मुलांनो, आज रात्री अंगणातून पाकोळी गेली, तर तुम्हांला काहीच ऐकू येणार नाही. तरीही ती हाका देतच असेल. आपल्याला जे कळत नाही, ते नाहीच, असे म्हणण्याची घाई करू नये, हे ध्यानात ठेवा.

स्वाध्याय
१. पाकोळी कानांनी वाट काढते, हे कोणत्या प्रयोगावरून दिसले?
२. विद्वानांना ते का पटले नाही?
३. किडा ३.४ मीटर दूर असल्यास प्रतिध्वनी किती वेळात परत येईल?