भेटीदाखल मिळालेले कपाट

कोथरूडात आम्ही एक जुनी जागा विकत घेतली आणि तीत फसलो, हे आप्तेष्टांना विदितच आहे. परंतु घर घेताना मी आंधळेपणाने वागलो असा जो प्रवाद आमच्या कुटुंबात रूढ झाला आहे, तो सर्वथा खरा नाही. वकिलांकरवी तीस वर्षांचा मालकीहक्काचा शोध घेतला होता, सूची क्रमांक 2 चे उतारे काढले होते, मिळकतीवर कोणाचा बोजा नाही याचीही खातरजमा केली होती. कागदांची परीक्षा अशी कसोशीने केली आणि भिंतींची मात्र दलालाने आणलेल्या इंजिनिअरवर सोपवली. ते गृहस्थ एप्रिलातल्या एका दुपारी आले, पंख्याखाली बसून सरबत प्याले, खोल्यांतून एक फेरी मारली आणि वीस मिनिटांत 'वास्तू सुस्थितीत' असा शेरा देऊन चालते झाले. त्यांची फी मालकांनीच चुकती केली, आणि मी शहाणा, ती त्यांच्या सौजन्यात जमा धरली!

त्या सौजन्याला तर पारावार नव्हता. घर त्यांनी नुकतेच रंगवून घेतले होते. शिवाय आतल्या खोलीतले, छताला भिडलेले सागवानी कपाट एक पैही न घेता आम्हांला देऊ केले. "राहू द्या तुम्हांलाच, उगाच हलवाहलव कशाला?" असे ते म्हणाले, तेव्हा आमच्या मंडळींना गहिवरून आले होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कपाटातल्या शालूला बुरशीचा वास येऊ लागला. चार माणसे लावून कपाट पुढे ओढले. रंगाऱ्याचा कुंचला कपाटाच्या कडेपर्यंत येऊन तिथेच थांबला होता. त्याच्या पलीकडे छतापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत गिलाव्याचे पापुद्रे सुटलेले, त्यांवर क्षारांची पांढरी बुरी, आणि वरच्या कोपऱ्यात गंजलेल्या सळीचे टोक. ओल दैवयोगाने येते असे म्हणता येईल. परंतु रंगाची ती सरळ रेषा कोणीतरी जाणूनबुजून ओढली होती, आणि तिच्याकडे मी किती वेळ पाहत राहिलो ते आता सांगवत नाही.

मालकांकडे विचारणा केली, तर "अहो, तुम्ही पाहूनच घेतलंत ना?" एवढेच उत्तर. आणि खरेदीखतात 'मिळकतीची प्रत्यक्ष पाहणी करून समाधान झाले आहे' हे वाक्य माझ्या सहीनिशी होतेच. पुढे सोसायटीच्या चिटणिसांनी दप्तर उघडले, तेव्हा गच्ची गळते अशी तक्रार करणारे, याच सद्‌गृहस्थांच्या हस्ताक्षरातले, तीन पावसाळ्यांचे तीन अर्ज निघाले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे 55 वे कलम असे की, करारात विरुद्ध काही ठरले नसेल तर, स्वतःला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण दक्षतेने न कळणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही लबाडीच गणली जाते. वकिलांची नोटीस गेल्यावर दुरुस्तीचा निम्मा खर्च आला. दिलगिरीचा एक शब्द मात्र आला नाही.

म्हणून इतरांसाठी चार शब्द. तपासनीस आपला असावा आणि त्याची फी आपणच द्यावी. ज्याचे मीठ खाल्ले त्याचीच भिंत त्याला चांगली दिसते. प्रत्येक कपाट आणि पलंग हलवायला लावावा. हलवण्यास जो आढेवेढे घेईल, त्याचेच आधी हलवावे. गिलाव्यावर ठोकून पाहावे. बद्द आवाज आला, तर तेथे गिलावा सुटला आहे असे समजावे. गंजलेली सळी फुगते आणि आपल्याभोवतीचे काँक्रीट फोडते, म्हणून छताची बारीक चीरही क्षुल्लक मानू नये. वरचा मजला असेल तर गच्चीवर स्वतः चढावे आणि शक्यतो पावसाळ्यातच पाहावे. न्हाणीघरांत भरपूर पाणी सोडून खालच्या बिऱ्हाडाच्या छताकडे नजर टाकावी. इसार देण्यापूर्वी सोसायटीचा पत्रव्यवहार आणि सभांची इतिवृत्ते मागावीत. मी तेवढे केले असते तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता. ते 'समाधान झाले' वाक्य 'दृश्य भागापुरते' असे दुरुस्त केल्यावाचून सही करू नये. नव्या इमारतीत 2016 च्या रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. जुनी जागा घेणाऱ्याला तो आधार नाही. बाकी, घाई करू नये आणि गोड बोलण्याला भुलू नये, हे सर्वांना ठाऊकच आहे. मलाही ठाऊक होते.

कपाट आपले आपण घेऊन जावे, असे मी त्या मालकांना दोनदा लेखी कळवले आहे. उत्तर नाही. तूर्त ते भिंतीपासून हातभर दूर, खोलीच्या जवळजवळ मधोमध उभे आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याचे कारण विचारतो.