मोबाइल उपयोजनासाठी चौकटीची निवड

बंगळुरूतील मल्लेश्वरम ही वस्ती १८९८ सालच्या प्लेगनंतर विशेष वाढली. जिच्यावरून तिला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराचे देऊळ मात्र पुष्कळ जुने असून, व्यंकोजी राजे भोसले यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. तेथील संपिगे रस्त्यावर (संपिगे म्हणजे सोनचाफा) कन्नड न येणारा एखादा मराठी मनुष्य खरेदीस गेला आहे, अशी कल्पना करू. त्याला तीन मार्ग मोकळे आहेत. कन्नड शिकावी, दुभाषी बरोबर घ्यावा, किंवा आपली भाषा जेथे चालते त्याच दुकानात जावे. मोबाइलसाठी उपयोजन, म्हणजेच ॲप, तयार करणाऱ्यापुढेही असेच तीन मार्ग असतात.

आजचे बहुतेक मोबाइल अँड्रॉइड किंवा आयफोन या दोन जातींचे आहेत. पहिल्याची भाषा कॉटलिन अथवा जावा, दुसऱ्याची स्विफ्ट. दोन्ही भाषांत तेच काम दोनदा लिहिणे म्हणजे कन्नड शिकणे होय. त्यात वेग उत्तम, पण खर्च दुप्पट. उलट जावास्क्रिप्ट ही भाषा जाणणारे लोक सर्वत्र सापडतात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ती ब्राउझरसाठी रचली; मोबाइलसाठी नव्हे. ती मोबाइलवर चालावी म्हणून जो तयार सांगाडा लागतो, त्याला आपण चौकट म्हणू.

फोनगॅप (२००९) व आयोनिक (२०१३) या चौकटींनी सोपी युक्ती केली. ॲपच्या पोटात एक ब्राउझर ठेवून त्यात वेबपृष्ठ दाखवावयाचे. मराठी चालणारे दुकानच सोबत नेण्याचा हा प्रकार! साध्या कामास तो पुरतो. जुन्या मोबाइलवर मात्र हालचाल जड वाटते.

फेसबुकने २०१५ मध्ये खुली केलेली रिॲक्ट नेटिव्ह ही दुभाष्याची पद्धत आहे. तिच्यात पडद्यावरील बटणे व याद्या मोबाइलच्या स्वतःच्या असतात. त्यांना आज्ञा देणारी जावास्क्रिप्ट वेगळी चालते. पूर्वी या दोहोंमधील प्रत्येक निरोप मजकुराच्या रूपात लिहून पलीकडे पाठवावा लागे. पडदा सेकंदास ६० वेळा रंगवावयाचा, तर प्रत्येक वेळी सुमारे १६ मिलिसेकंदच हाती असतात. लांब यादी झपाट्याने सरकवली की दुभाष्याची धांदल होई आणि पडद्यावर क्षणभर कोरी जागा दिसे. २०२४ मधील ०.७६ या आवृत्तीपासून दोन्ही बाजू थेट बोलतील अशी रचना मूळचीच दिली जाते. (फ्लटर ही चौकटही लोकप्रिय आहे, पण तिची भाषा डार्ट असल्याने ती येथे सोडून देऊ.)

आणखी एक वाट आहे. मुळात ॲप करूच नये. वेबपृष्ठालाच ॲपसारखे वागावयास लावावे. याचा धडा बंगळुरूतच घडला. तेथील फ्लिपकार्ट या कंपनीने २०१५ च्या आरंभी मोबाइलवरील आपले संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळविले. मिंत्रा या दुसऱ्या कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात संकेतस्थळच मिटले. हट्ट फार टिकला नाही. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये 'फ्लिपकार्ट लाइट' आणले. ते ब्राउझरमध्ये उघडते, पण पृष्ठाचे काही भाग मोबाइलमध्ये साठवून ठेवीत असल्यामुळे मंद जाळ्यावरही चालते. मिंत्राचे संकेतस्थळ जून २०१६ मध्ये परतले. स्वस्त मोबाइल, अपुरी साठवण आणि संथ जोडणी असलेल्या ग्राहकास नवे ॲप उतरवून घेणे जड जाते, ही साधी गोष्ट प्रथम नजरेआड झाली होती असे आम्हांस वाटते.

आता समजा, मल्लेश्वरममधील एखाद्या लहान वाचनालयास पुस्तकांची यादी व परतीची तारीख सभासदांना दाखवावयाची आहे. वाचनालयापाशी पैसा थोडा. काम करणारा विद्यार्थी एक, आणि तोही दोन वर्षांनी नोकरीस जाणार. अशा संस्थेने वेगापेक्षा चौकटीच्या आयुष्याची चौकशी अधिक करावी. ॲडोबीने २०११ मध्ये घेतलेली फोनगॅप २०२० मध्ये बंद केली. तिच्यावर विसंबलेल्यांना घर बदलावे लागले. एअरबीएनबीसारख्या धनाढ्य कंपनीनेही २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडली. चौकट निकामी होती म्हणून नव्हे. जुने ॲप तसेच ठेवून त्यात ती मिसळल्याने दोनांऐवजी तीन प्रकारची घरे सांभाळावी लागली.

या वाचनालयाने वेबपृष्ठापासून आरंभ करावा, असे आमचे मत आहे. तारीख जवळ आल्याची सूचना हवी असेल तर तीही आता अडचण नाही. आयफोनवर मुख्य पडद्यावर ठेवलेल्या वेबपृष्ठास अशी सूचना पाठविण्याची सोय २०२३ पासून झाली आहे. पुस्तकाच्या पट्टीवरील खूण कॅमेऱ्याने सतत वाचावयाची असेल, किंवा जाळे नसताना दिवसभर नोंदी करावयाच्या असतील, तर रिॲक्ट नेटिव्हचा विचार योग्य ठरेल. त्यापूर्वी एक प्रयोग करून पाहावा. कन्नड, मराठी व इंग्रजी अशा पाचशे नावांची यादी दोन्ही रीतींनी मांडावी, सभासदांपैकी कोणाचा तरी सर्वांत जुना मोबाइल मागून घ्यावा, आणि ती यादी बोटाने जोरात सरकवावी. जोडाक्षरे नीट उमटतात काय आणि यादी अडखळते काय, हे पाच मिनिटांत कळते. पुस्तकांच्या नोंदी मात्र चौकटीच्या आत न अडकवता वेगळ्या, साध्या तक्त्यात ठेवाव्यात. म्हणजे विद्यार्थी गेला आणि चौकटही गेली, तरी त्या नोंदी दुसऱ्या दिवशी नव्या ठिकाणी भरता येतील.